पुनवेची रजा

ओदिलियाच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी गिरणीवर तिची पाटी काही जड झाली नव्हती. त्या डोंगरातल्या गावात कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारावं लागत नसे. दिवस उजाडता उजाडता बायका चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहत आणि एकमेकींच्या पाट्यांकडे बघत. पोरं वाढली की पाटी वाढायची. माणूस कामाला परगावी गेलं की घटायची. ओदिलियाचा नवरा आन्सेल्मो राजधानीत बेकरीत कामाला होता, त्यामुळे तिच्या पाटीत असे ती आणि तिची सासू अशा दोघींपुरताच मका.

"काय गं, अजून तेवढंच दळण?" रांगेतून बेर्तानं विचारलं. बेर्ता शेजारीण, पाच पोरांची आई. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

ओदिलियानं मान खाली घातली. उत्तर दिलं ते सासूनं. नान तोरिबिया तिचं नाव. गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला नान म्हणायची रीत होती, पण नुसतं 'नान' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोरिबियाच यायची. बुटकी, रुंद, आणि आवाज असा की गिरणीचा पट्टा चालू असतानाही ऐकू जाई.

"सुनेचा दोष नाही आणि लेकाचाही नाही," ती म्हणाली. "दोष वेळेचा. माझा लेक घरी येतो कधी, तर चांदआजी कोवळी असताना. गेल्या साली तू कोवळ्या चंद्रावर मका पेरलास, त्याचं काय झालं बेर्ता? कणसात दाणे किती होते आणि किडे किती?"

बायका हसल्या. बेर्ताही हसली, कारण ते खरं होतं.

नान तोरिबिया हे काही वेळ मारून न्यायला बोलत नव्हती. तिच्या लेखी सगळं चांदआजीच्या हातात होतं. लाकूड तोडायचं ते चंद्र भरल्यावर, नाहीतर भुंगा लागतो. केस कापायचे तेही तेव्हाच. बाईला महिन्याचं आलं की 'आजी येऊन गेली' म्हणायचं, आणि पोटात गर्भ धरायचा तो पुनवेच्या आसपास, म्हणजे तो घट्ट बसतो. तिची स्वतःची तिन्ही बाळंतपणं अशीच झाली होती. आन्सेल्मोला मात्र एक रविवार सोडून एक रविवार सुट्टी मिळे, आणि बेकरीच्या मालकाला चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं.

"मी बोलते त्याच्याशी," एके दिवशी तोरिबिया म्हणाली.

"कुणाशी?"

"मालकाशी. तू चल. कोंबडी धरायला कुणीतरी हवं."

ओदिलियाला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. पण सासूनं एकदा डोक्यावर शाल बांधली की तिला अडवणारं कुणी नव्हतं. दोघी बसनं राजधानीत गेल्या. कोंबडी ओदिलियाच्या मांडीवर बसून सगळ्या उताऱ्यांवरही डोळे मिटून झोपली होती. बेकरीत पोचल्या तेव्हा आन्सेल्मो भट्टीपुढे होता, भुवया पिठानं पांढऱ्या. आईला, बायकोला आणि कोंबडीला एकदम बघून त्याच्या हातातला पाव खाली पडला.

मालक एबारिस्तो पोट सुटलेला, चांगल्या मनाचा, सदा घाईतला माणूस. त्यानं तोरिबियाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"नान, आजारपणाची रजा ऐकलीये. मयताची रजा ऐकलीये. ही पुनवेची रजा कुठली?"

"मालक, तुम्हाला मुलं किती?"

"चार."

"मग तुम्हाला कसं कळणार!"

गल्ल्यावर मालकाची बायको लेओनोर बसली होती. तिला हसू आवरेना. "अहो, पुनवेला पीठ जास्त फुगतं असं तुम्हीच सांगता ना?"

"ते मी पिठाबद्दल बोलतो!"

"मग त्या काय वेगळं बोलतायत?"

भट्टीजवळची सगळी माणसं खो-खो हसली. आन्सेल्मोचं तोंड पिठाखालीसुद्धा लाल झालेलं दिसत होतं. मालकानं हात जोडले, कोंबडी घेतली नाही, पण रजा दिली. दोन रविवारांऐवजी महिन्यातून एकदा, पुनवेला धरून दोन दिवस. त्या दिवसापासून बेकरीत आन्सेल्मोचं नाव पडलं 'पुनवेचा जावई'.

सुरुवातीचे महिने मजेचे गेले. आन्सेल्मो येणार त्या दिवशी तोरिबिया दुपारीच अंगणातली वाफेची न्हाणी तापवी, सुनेला आत पाठवी, बाहेर आल्यावर गरम कोंबडीचा रस्सा आणि वर चॉकलेट पाजी. थंड काही खायचं नाही, लिंबाला तर हातही लावायचा नाही. लेक आला, जेवला, की ती शाल घेऊन उठे.

"मी बहिणीकडे जाते झोपायला. तिचे गुडघे दुखतायत."

"मावशीचे गुडघे बघ कसे नेमाचे आहेत," ती गेल्यावर आन्सेल्मो म्हणे. "बरोब्बर पुनवेला दुखतात." आणि दोघं तोंडावर पांघरूण घेऊन हसत. खरं सांगायचं तर या नवरा-बायकोची ओळख व्हायला आत्ता कुठं सुरुवात झाली होती. आधीच्या चार वर्षांत तो यायचा तो दमलेला, झोपायचा आणि जायचा. आता तो तिला बेकरीतल्या गमती सांगे, ती त्याला गिरणीवरच्या. आन्सेल्मो मऊ स्वभावाचा होता. बोलताना सारखे हात हलवायचा, जणू पीठच मळतोय.

पण पुनव सरली की महिनाभरात कधीतरी आजी येऊन जायचीच. तोरिबिया कधी विचारत नसे. ती फक्त चुलीशी बसलेल्या सुनेच्या तोंडाकडे एकदा बघे आणि टॉर्टिया उलटायला लागे. असं करता करता वर्ष होत आलं.

मग एके सकाळी गिरणीवर बेर्ता म्हणाली, "आता तर पुनवही झाली की गं नान. आता कोण राहिलं? सूर्य?"

या वेळी तोरिबियानं पाटी पुढे ओढली. तिनं दळण घेतलं आणि ती चालू लागली. एरवी ती सुनेच्या बरोबरीनं चालायची. त्या दिवशी चार पावलं पुढे चालत राहिली, घर येईपर्यंत मागे वळली नाही. ओदिलियाला ती पाठ फार लागली.

त्याच आठवड्यात ओदिलिया कुणाला न सांगता खालच्या गावातल्या आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स एल्वा त्याच भागातली, त्यांच्याच बोलीत बोलणारी, विपील, म्हणजे तिकडच्या बायकांचा हातानं विणलेला झगा घालून वर पांढरा कोट चढवणारी. ओदिलियानं बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "बाईची आजी अवसेला यावी आणि पुनवेला कूस पिकावी, असं असतं ना? माझी कधीही येते. कधी अवसेला, कधी अष्टमीला, एकदा तर भर पुनवेला आली. माझी कूस बिघडलीये का?"

"माझीही कधीही येते," एल्वा म्हणाली. "प्रत्येकीच्या अंगाचा आपला महिना असतो. तो कधी चंद्राशी जुळतो, कधी नाही. माझी आई अजून चंद्र विचारून माझे केस कापते. मी कापून घेते, तिला बरं वाटतं. पण कुशीचं तसं नाही." तिनं ओदिलियाला तपासलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि सगळं ठीक दिसतंय म्हणून सांगितलं. मग हात पुसत विचारलं, "नवऱ्याची तपासणी झालीये?"

पुरुषाचीही तपासणी असते हे ओदिलियाला तोवर ठाऊकच नव्हतं.

आन्सेल्मो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. ती दोनदा राजधानीत गेली. सासूला सांगितलं, लेओनोरबाईंना दुकानात मदत हवीये. दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरनं कागदावरून नजर उचलून विचारलं, "लहानपणी गालफुगी झाली होती? खाली सूज आली होती?"

"चौदाव्या वर्षी," आन्सेल्मो म्हणाला. "महिनाभर उठता येत नव्हतं."

डॉक्टरनं सगळं नीट, हळू आवाजात समजावलं. बीजच नव्हतं. पुनवेला नाही, अवसेला नाही, कधीच नाही.

बाहेर बागेत एका बाकावर दोघं बसली. आन्सेल्मोनं तिच्यासाठी बेकरीतून आणलेली पावाची पिशवी मांडीवर धरली होती. त्याचे नेहमी हलणारे हात पिशवीवर पडून होते.

"आईला नको सांगू," तो म्हणाला.

"बरं."

"ती खचेल. गावभर होईल. नको सांगू, ओदिलिया." मग म्हणाला, "आणि तुला जायचं असेल तर जा. मी काही म्हणणार नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "मला कुठं जायचंय ते मी ठरवीन! तू माझं तिकीट काढायला जाऊ नकोस!"

कबुतरं उडाली. तो रडायला लागला. तिनं पिशवीतला एक पाव काढून त्याच्या हातात दिला, दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

तिनं शब्द पाळला, आणि तो पाळणं तिला वाटलं त्याहून जड गेलं. पुनवेची रजा चालू राहिली, न्हाणी तापत राहिली, रस्सा उकळत राहिला. मावशीचे गुडघे दुखत राहिले. फक्त पांघरुणाखालचं हसू गेलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपे आणि आन्सेल्मो छताकडे बघत पडे. एकदा तिनं अंधारात विचारलं, "कधी सांगणार?" तो म्हणाला, "अजून थोडे दिवस."

थोडे दिवस त्याच्यासाठी राजधानीत जात होते. तिच्यासाठी ते गिरणीवर जात होते. बायका आता विचारतही नसत, तिच्याकडे बघून नुसत्या बाजूला सरत. सुईण येऊन पोट चोळून गेली. कडू काढे झाले. आणि एका संध्याकाळी, दोघी चुलीपाशी असताना, तोरिबिया विस्तवाकडे बघत म्हणाली, "चांदआजीला बोल लावून झाला. परक्या माणसापुढे कोंबडी घेऊन उभी राहिले. आता मी कुणाला बोल लावू, तूच सांग."

ओदिलियाच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. अगदी छोटं. ते तिनं गिळलं, तळहातावरची टॉर्टिया थापत राहिली, आणि ती इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली. त्या रात्री तिनं ठरवलं, आणखी एक पुनव बघायची. तो बोलला तर ठीक, नाहीतर आपलं सामान उचलायचं आणि आईच्या घरी जायचं.

त्या पुनवेला ग्रहण होतं. रेडिओवर दोन दिवस सांगत होते. आन्सेल्मो दुपारच्या बसनं आला. दिवे लागायच्या वेळेला चंद्र डोंगरावर आला तोच कडेनं कुरतडल्यासारखा. देवळाची घंटा सुरू झाली. चांदआजीला गिळायला निघालेल्याला पळवून लावायचं तर आवाज हवा, म्हणून जो तो हाताला लागेल ते घेऊन गल्लीत आला. पातेली, पत्रे, टिनाचे डबे, एकानं तर टुकटुक रिक्षाचा भोंगाच दाबून धरला. पोटुशा बायका तेवढ्या घरात, कमरेला लाल फडकं आणि त्याला सुई टोचून.

तोरिबियानं पेटीतून लाल पट्टा काढला आणि दारातच ओदिलियाच्या कमरेला गुंडाळायला लागली.

"नान, कशाला? काही नाहीये."

"मागच्या पुनवेला तो आला होता. कुणास ठाऊक. तू बाहेर पडू नकोस."

गल्लीतून बेर्तानं बघितलं. तिच्या एका हातात तवा, दुसऱ्यात चिमटा. तिला काही दुष्टपणा करायचा होता असं नाही. तोंडातून निघायचं ते निघालं. "अगं नान, रिकाम्या पेटीला कुलूप कशाला लावतेस!"

दोन-चार बायका हसल्या. तोरिबियाचे हात पट्ट्याच्या गाठीवर थांबले. ओदिलियानं मान वर केली, आणि तिला दिसलं की आन्सेल्मो पातेलं खाली ठेवतोय.

"बेर्ताताई," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, म्हणून लोकांना ऐकायला वाजवणं थांबवावं लागलं. "ती ठणठणीत आहे. तिला तपासलंय. मलाही तपासलंय. कमी माझ्यात आहे. चौदाव्या वर्षीच्या तापात गेलं सगळं. ओदिलियाला हे कधीचं माहीत आहे, आणि मी तिला गप्प बसवलं. तुम्ही तिला जे बोललात ते मला बोला."

देवळाची घंटा तेवढी चालू होती. बेर्ताचा चिमटा हवेतच राहिला. कुणीतरी खोकलं. आन्सेल्मो उभाच होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि ओदिलियाला वाटलं, हा आता पडेल. ती उंबरठा ओलांडून, लाल पट्टा तसाच लोंबत, त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

तोरिबियानं लेकाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग वर. चंद्र निम्मा झाला होता.

"हात का थांबले सगळ्यांचे?" ती कडाडली. "तिकडे म्हातारीला अर्धी खाल्लीये आणि तुम्ही तोंडं बघताय? वाजवा!"

आणि वाजवायला लागले. सगळ्यात जोरात बेर्ता. ओदिलियानं जमिनीवरचं पातेलं उचललं आणि दगडानं बडवायला सुरुवात केली. इतके महिने गिळलेलं सगळं तिनं त्या पातेल्यावर काढलं. त्याच्या बुडाला पोचे आले. चांदआजी पुरती सुटेपर्यंत ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मो बसनं परत जायला निघाला. आईनं त्याला नुसता कॉफीचा पेला दिला, आणि दाराशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो लहान असताना ताप बघायला फिरवायची तसा. मग तिनं पुनव नसतानाही न्हाणी तापवली, सुनेला आत घेतलं आणि स्वतः तिचे केस धुवायला बसली.

"मी तुला चुलीपाशी बोलले," ती म्हणाली. "तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग ऐकून का घेतलंस?"

"त्यानं नको म्हटलं होतं."

"नवऱ्याचं सगळंच ऐकायचं नसतं, पोरी." तोरिबियानं भोपळ्याच्या तुंब्यातलं गरम पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. "माझंही ऐकून घ्यायचं नव्हतंस. मी चुकले."

ओदिलियानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "मला मूल हवं होतं, नान. अजून हवंय."

"माहीत आहे."

"मी त्याच्यावर चिडलेय. तो बोलला तरी चिडलेय."

"चीड ना. मीही चिडलेय. त्याच्यावर, त्या तापावर. आणि चांदआजीवर तर नाही चिडता येत आता, एवढी वर्षं उगाच तिला बोल लावला, बिचारीनं मुकाट ऐकलं." तिनं केस पिळले. "तुला आईकडे जाऊन यायचंय का?"

"हो."

"जा. आणि तिथून परत यायचं ठरलं, तर इथं येऊ नकोस. त्याच्याकडे जा. चंद्र बघून भेटायचं हा कसला संसार? माझीच अक्कल ती. राहा दोघं एका जागी."

"आणि तुम्ही?"

"मला माझी बहीण आहे. तिचे गुडघे आता खरंच दुखायला लागलेत."

ओदिलिया आईकडे गेली. आई म्हणाली, राहा, अजून वय आहे, दुसरं बघू. ती राहिली, माग लावून विणत बसली, आणि दर रविवारी आन्सेल्मोचा फोन आला की आधी नाही म्हणायची, मग पाच मिनिटं बोलायची, मग दहा. तो परत ये असं एकदाही म्हणाला नाही. बेकरीत काय काय जळलं ते सांगायचा. एकदा ती हसली आणि तिचं तिलाच कळलं की आपण याला सोडणार नाही. पोटातला राग संपला नव्हता, पण तो राग घेऊनही जाता येईल असं तिला वाटलं. विपील विणून झाला तेव्हा ती राजधानीच्या बसमध्ये बसली.

लेओनोरबाईंनी बेकरीच्या मागची खोली दिली. खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडणारी. ओदिलिया गल्ल्यावर बसायला लागली. मूल कुठून आणायचं, आणायचं का, यावर दोघं कधी कधी बोलत, आणि कधी बोलणं अर्ध्यावर सोडून देत. महिन्यातून एकदा दोघं गावी जात. बेर्ता त्यांच्यासाठी अंडी पाठवी, पण स्वतः समोर यायला तिला बरेच महिने लागले.

शहरात आल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी तिची आजी येऊन गेली. ओदिलियानं खिडकीतून वर बघायचा प्रयत्न केला. पुनव होती की अवस, तिला काही पत्ता नव्हता. इथं तिच्या तोंडाकडे बघणारंही कुणी नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसून थोडी रडली. आन्सेल्मो भट्टीवरून आला, त्याला कळलं, त्यानं काही न विचारता चॉकलेट गरम केलं आणि तिच्या शेजारी बसला. पिठाचे हात त्यानं तिच्या स्कर्टला लागू दिले नाहीत.

"पाठ दुखतेय?"

"थोडी."

"आज गल्ल्यावर मी बसू?"

"तू हिशोब चुकवतोस," ती म्हणाली, आणि तोंड धुऊन दुकान उघडायला गेली.